जातिभेदाचा प्रश्न आणि आंतरराष्ट्रीय राजनय

जातिभेदाचा प्रश्न आणि आंतरराष्ट्रीय राजनय हा मानवी हक्कांच्या अभ्यासातील एक वादग्रस्त विषय आहे. एका देशातील नागरिकांवरील अन्यायाबद्दल दुसऱ्या देशाच्या सरकारने किंवा आंतरराष्ट्रीय संस्थेने त्या देशाकडे विचारणा करावी काय, आणि केल्यास ती कोणत्या मार्गाने करावी, हा त्यातील मूळ प्रश्न होय. भारतातील अस्पृश्यता व जातीय अत्याचार यांच्या संदर्भात तो १९४६ पासून निरनिराळ्या रूपांत पुढे येत राहिला. भंडारा जिल्ह्याचा या इतिहासाशी दोनदा संबंध आला. १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी येथून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि २००६ मध्ये मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबाचे हत्याकांड घडले.

देशांतर्गत बाब की जगाची बाब?

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील दुसऱ्या अनुच्छेदाच्या सातव्या परिच्छेदानुसार, जी बाब मूलतः एखाद्या राष्ट्राच्या अंतर्गत अधिकारक्षेत्रात येते तीत संयुक्त राष्ट्रांना हस्तक्षेप करता येत नाही. दुसरीकडे मानवी हक्कांचा आदर वाढवणे हे त्याच सनदेने संघटनेचे एक उद्दिष्ट ठरवले आहे. या दोन तरतुदींमधील ताण प्रथम ठळकपणे उघड केला तो भारतानेच. १९४६ मध्ये आमसभेच्या पहिल्याच अधिवेशनात दक्षिण आफ्रिकेतील भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या पक्षपाती वागणुकीची तक्रार भारताने मांडली. शिष्टमंडळाचे नेतृत्व विजयालक्ष्मी पंडित यांच्याकडे होते. ही आपली अंतर्गत बाब असल्याचा पवित्रा दक्षिण आफ्रिकेने घेतला, तसेच भारतातील जातिभेदाकडेही बोट दाखवले. तरीही ८ डिसेंबर १९४६ रोजी आमसभेने ३२ विरुद्ध १५ मतांनी ठराव संमत केला. ७ राष्ट्रे तटस्थ राहिली. माणसाला त्याच्या जन्मावरून मिळणारी वागणूक हा केवळ त्याच्या सरकारचा प्रश्न नाही, हे तत्त्व या मतदानाने राजनयात रुजले. त्या वेळी भारत अद्याप स्वतंत्रही झालेला नव्हता, ही गोष्ट लक्षणीय आहे.

आंबेडकर आणि न पाठवलेला अहवाल

त्याच वर्षी आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वतीने नॅशनल निग्रो काँग्रेसने संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत त्यांनी मागवली होती आणि भारतातील अस्पृश्यही तोच मार्ग अवलंबण्याचा विचार करीत असल्याचे कळवले होते. जुलै १९४६ च्या अखेरीस ड्यू बॉइस यांनी सहानुभूतीपूर्वक उत्तर दिले.

आंबेडकरांनी अनुसूचित जातींच्या स्थितीवर संयुक्त राष्ट्रांसाठी अहवाल तयार केला, पण तो सादर केला नाही. संविधान सभेला आणि पुढे येणाऱ्या संसदेला हा प्रश्न हाताळण्याची संधी द्यावी, असे आपल्याला वाटले, असा खुलासा त्यांनी १९५१ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा देताना केलेल्या निवेदनात केला. परराष्ट्र धोरणाविषयीची नाराजी हेही त्या राजीनाम्याचे एक कारण होते. अहवाल न पाठवण्याचा हा निर्णय फारसा चर्चिला जात नाही; परंतु देशातील संस्थांवर विश्वास ठेवावा की बाहेर दाद मागावी, या द्विधेचा तो पहिला मोठा दाखला आहे.

१९५४ ची भंडाऱ्याची पोटनिवडणूक या निवेदनानंतर अवघ्या अडीच वर्षांनी झाली. भंडारा जिल्हा त्या काळी मध्य प्रदेश राज्यात होता, आजचा गोंदिया जिल्हाही त्यात समाविष्ट होता, आणि लोकसभा मतदारसंघ द्विसदस्यीय होता. प्रचारात आंबेडकरांनी नेहरू सरकारच्या परराष्ट्र धोरणावर टीका केली. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर विजयी झाले व आंबेडकरांचा पराभव झाला. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले.

एका शब्दाचा वाद

सर्व प्रकारच्या वांशिक भेदभावाच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार २१ डिसेंबर १९६५ रोजी आमसभेने स्वीकारला आणि भारताने १९६८ मध्ये त्याला अनुसमर्थन दिले. कराराच्या पहिल्या अनुच्छेदात भेदभावाची कारणे दिली आहेत. त्यांत वंश आणि वर्ण यांच्या बरोबरीने 'डिसेंट', म्हणजे कुळपरंपरा, हा शब्द आहे. मसुद्यावरील चर्चेत हा शब्द भारताच्या दुरुस्तीतून आला होता. पुढे याच शब्दावरून भारत आणि कराराच्या अंमलबजावणीवर देखरेख ठेवणारी वांशिक भेदभाव निर्मूलन समिती यांच्यात दीर्घ मतभेद निर्माण झाले.

जात म्हणजे वंश नव्हे आणि करारातील कुळपरंपरा हा शब्द वंशाशीच निगडित आहे, अशी भारताची भूमिका आहे. अनुसूचित जातींची स्थितीही कराराच्या कक्षेत येते, असे समितीने १९९६ मध्ये भारताच्या अहवालावरील निष्कर्षांत नमूद केले. ऑगस्ट २००२ मध्ये तिने एक स्वतंत्र सर्वसाधारण शिफारस करून, जातीसारख्या वारशाने मिळणाऱ्या दर्जावर आधारित भेदभाव या शब्दात अंतर्भूत असल्याचे स्पष्ट केले. जात हा वंश नाही, हे मानववंशशास्त्राच्या दृष्टीने मान्य होण्यासारखे आहे. स्वतः आंबेडकरांनीही जातीच्या वांशिक उपपत्तीचे खंडन केले होते. मात्र करारात वंश हा एकच शब्द नाही, हा समितीचा मुद्दा त्यामुळे निकाली निघत नाही.

मधल्या काळात, ३१ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर २००१ या दरम्यान, दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद झाली. भारतातून दलित संघटनांचे प्रतिनिधी मोठ्या संख्येने तेथे गेले. परराष्ट्र राज्यमंत्री ओमर अब्दुल्ला यांनी परिषदेत जातीच्या समावेशाला विरोध केला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने वेगळा सूर लावला. भेदभावाला कोणते नाव द्यावे यापेक्षा तो अस्तित्वात आहे हे महत्त्वाचे, असे आयोगाचे म्हणणे होते. एकाच देशाच्या दोन अधिकृत संस्थांनी एकाच परिषदेत निरनिराळी भाषा बोलावी, असे प्रसंग राजनयात विरळाच येतात. ज्या देशाविरुद्ध भारताने १९४६ मध्ये दाद मागितली, त्याच देशात आता भारत अंतर्गत बाबीचा युक्तिवाद करीत होता.

खैरलांजी

खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भैयालाल भोतमांगे यांची पत्नी सुरेखा, दोन मुलगे व एक मुलगी या चौघांची जमावाने हत्या केली. मृतदेह कालव्यात टाकण्यात आले. कुटुंब बौद्ध होते, गावात त्यांची शेती होती आणि शेतातून रस्ता देण्यावरून वाद होता. त्याआधी त्याच महिन्यात कुटुंबाच्या परिचयातील, शेजारच्या गावच्या एका पोलीस पाटलांना मारहाण झाली होती. सुरेखा भोतमांगे यांनी साक्षीदार म्हणून आरोपींना ओळखले. आरोपी जामिनावर सुटले त्याच संध्याकाळी हल्ला झाला.

आरंभी घटनेची दखल जिल्ह्याबाहेर जवळजवळ घेतली गेली नाही. नोव्हेंबरमध्ये नागपूर, भंडारा, अमरावतीसह विदर्भात व नंतर राज्यभर निदर्शने झाल्यावर राष्ट्रीय वृत्तपत्रे जागी झाली आणि तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवण्यात आला. या दिरंगाईचा आंतरराष्ट्रीय प्रक्रियेशी थेट संबंध आहे. गावातील घटना जिनिव्हापर्यंत पोहोचते ती कागदांच्या साखळीतून. फिर्याद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सत्यशोधन समितीचा अहवाल आणि त्यांवर आधारलेला स्वयंसेवी संघटनांचा पर्यायी अहवाल हे त्या साखळीचे दुवे होत. पहिला दुवा कच्चा राहिला, तर पुढचे सर्व दुवे लुळे पडतात. खैरलांजीत पहिल्या काही दिवसांत पोलीस व वैद्यकीय पातळीवर झालेल्या हयगयीवर म्हणूनच सर्वाधिक टीका झाली. आनंद तेलतुंबडे यांचे या प्रकरणावरील इंग्रजी पुस्तक २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

जिनिव्हा, २००७

हत्याकांडानंतरचे सहा महिने या विषयाच्या राजनयात विशेष घडामोडींचे ठरले. २७ डिसेंबर २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी नवी दिल्लीतील एका परिषदेत अस्पृश्यतेची तुलना दक्षिण आफ्रिकेतील वर्णद्वेषी राजवटीशी केली. १ फेब्रुवारी २००७ रोजी युरोपीय संसदेने भारतातील दलितांच्या मानवी हक्कांवर ठराव संमत केला. असा ठराव बंधनकारक नसतो. मात्र युरोपीय संघ आणि भारत यांच्यातील चर्चेत हा विषय घ्यावा, असा दबाव त्यामुळे युरोपीय बाजूवर येतो.

फेब्रुवारीच्या अखेरीस वांशिक भेदभाव निर्मूलन समितीसमोर भारताच्या पंधराव्या ते एकोणिसाव्या अहवालांचा एकत्रित विचार झाला. करारानुसार हे अहवाल दर दोन वर्षांनी अपेक्षित असतात. ते एकत्रित सादर झाले, यावरून झालेला विलंब लक्षात येतो. सॉलिसिटर जनरल गुलाम वहानवटी यांनी शिष्टमंडळाच्या वतीने जात कराराच्या कक्षेबाहेर असल्याचे प्रतिपादन केले. दिल्लीत पंतप्रधानांनी केलेली तुलना आणि दोन महिन्यांनी जिनिव्हात मांडलेला युक्तिवाद यांतील अंतर टीकाकारांच्या नजरेतून सुटले नाही.

मार्चमध्ये समितीने आपले निष्कर्ष दिले. जात कराराच्या कक्षेत येते, याचा तिने पुनरुच्चार केला. १९८९ च्या अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियमाखालील तक्रारी नीट नोंदवल्या व तपासल्या जात नाहीत, दोषसिद्धीचे प्रमाण अल्प आणि निर्दोष सुटकेचे प्रमाण मोठे आहे, याबद्दल तिने चिंता व्यक्त केली.

मर्यादा

या प्रक्रियेत पीडित व्यक्तीला फारसे स्थान नाही. कराराच्या चौदाव्या अनुच्छेदानुसार व्यक्तीला समितीकडे थेट तक्रार करता येते, पण त्यासाठी संबंधित राष्ट्राने तशी घोषणा करावी लागते. भारताने ती केलेली नाही. नागरी व राजकीय हक्कांच्या करारातील वैयक्तिक तक्रारीचा पर्यायी मसुदाही भारताने स्वीकारलेला नाही. विशेष प्रतिवेदक सरकारला पत्र पाठवून खुलासा मागू शकतात. उत्तर देणे सरकारच्या इच्छेवर असते. मानवी हक्क परिषदेच्या वैश्विक नियतकालिक आढाव्यात इतर राष्ट्रे थेट शिफारशी करतात आणि ज्याचा आढावा चालू असेल ते राष्ट्र प्रत्येक शिफारस 'स्वीकारली' किंवा केवळ 'नोंद घेतली' असे कळवते. भारताचा असा पहिला आढावा एप्रिल २००८ मध्ये झाला. राजनयाच्या भाषेत 'नोंद घेतली' याचा अर्थ बहुधा सौम्य नकार असाच असतो.

त्यामुळे भोतमांगे प्रकरणाचा न्याय भंडारा व नागपूर येथेच व्हावयाचा होता. भंडारा येथील विशेष न्यायालयाने सप्टेंबर २००८ मध्ये अकरापैकी आठ आरोपींना दोषी ठरवले. सहा जणांना फाशीची व दोघांना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. अत्याचार प्रतिबंधक अधिनियम मात्र लागू केला नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १४ जुलै २०१० रोजी फाशीऐवजी २५ वर्षांच्या सक्तमजुरीसह जन्मठेप दिली आणि अधिनियमाबाबतची भूमिका कायम ठेवली. जिनिव्हात ज्या अधिनियमाच्या अंमलबजावणीबद्दल चिंता व्यक्त झाली होती, तोच येथे सिद्ध झाला नाही. समितीचे निष्कर्ष भारतीय न्यायालयांवर बंधनकारक नसतात.

पर्यावरणाच्या प्रश्नाशी तुलना

पर्यावरण व विस्थापनाच्या प्रश्नांत परकीय सरकारांवरील दबाव काही वेळा अधिक परिणामकारक ठरला, कारण तेथे पैशाचा संबंध होता. सरदार सरोवर प्रकल्पाने महाराष्ट्रातील ३३ आदिवासी गावे बाधित होत होती. मेधा पाटकर यांनी १९८९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीसमोर साक्ष दिली. १९९० मध्ये जपानने प्रकल्पासाठीचे पुढील कर्ज थांबवले. जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स आयोगाचा प्रतिकूल अहवाल १९९२ मध्ये आला आणि मार्च १९९३ मध्ये भारताने कर्जाचा उर्वरित भाग न घेण्याचे ठरवले. धरण थांबले नाही. मात्र त्याच वर्षी बाधितांच्या तक्रारी ऐकण्यासाठी बँकेने स्वतंत्र तपासणी मंडळ स्थापन केले.

भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द धरणाच्या बाबतीत हा मार्ग उपलब्ध नव्हता. पवनी तालुक्यात वैनगंगेवर असलेल्या या प्रकल्पाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाली आणि तो केंद्र व राज्य यांच्या निधीतून उभारला गेला. भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतील विस्थापितांचे आंदोलन म्हणून जिल्हाधिकारी कार्यालय, विधिमंडळ आणि न्यायालय यांच्याभोवतीच फिरत राहिले. नागपूरचे सांडपाणी नाग व कन्हान या नद्यांतून वैनगंगेत व पुढे जलाशयात उतरते. ज्याच्याकडे दाद मागावी असे परकीय सरकार येथे नाहीच. वरच्या अंगाला आहे ते आपल्याच राज्यातील शहर.

नंतरच्या घडामोडी

२००९ मध्ये नेपाळने जातिआधारित भेदभावाविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या मसुदा तत्त्वांना जाहीर पाठिंबा दिला. जात असलेल्याच एका शेजाऱ्याने ही भूमिका घेतल्याने, हा पाश्चात्त्यांनी लादलेला विषय आहे, हा आक्षेप काहीसा बोथट झाला. युरोपीय संसदेने ऑक्टोबर २०१३ मध्ये जातिआधारित भेदभावावर पुन्हा ठराव केला. २०१६ मध्ये अल्पसंख्याकविषयक विशेष प्रतिवेदक रिटा इझाक यांनी जातीवर अहवाल सादर केला, तेव्हा भारताच्या प्रतिनिधीने असा अहवाल त्यांच्या अधिकारकक्षेत येतो काय, असा आक्षेप घेतला. ब्रिटनमध्ये समता कायद्यात जातीचा समावेश करण्याचे बंधन संसदेने २०१३ मध्ये सरकारवर घातले. २०१८ मध्ये सरकारने कायद्याऐवजी न्यायालयीन निर्णयांवर विसंबण्याचे ठरवले. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील सिॲटल शहराने जातिभेदावर बंदी घातली. जात समुद्रापार गेल्यामुळे अंतर्गत बाब या युक्तिवादाचा प्रदेशच आता अस्पष्ट झाला आहे.

भारतात अत्याचार प्रतिबंधक अधिनियमात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली व ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. पीडित आणि साक्षीदार यांच्या हक्कांवर त्यात स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. जामिनाच्या सुनावणीसह न्यायालयीन कामकाजाची सूचना पीडितांना व त्यांच्या आश्रितांना वेळेवर मिळण्याचा हक्क त्या प्रकरणात आहे. भैयालाल भोतमांगे यांचे त्यानंतर वर्षभराने, जानेवारी २०१७ मध्ये, नागपूर येथे निधन झाले.