महाबलीपुरमची अपुरी टेकडी

चेन्नईच्या दक्षिणेला सुमारे ५५ किलोमीटरवर, समुद्राच्या लगत, ग्रॅनाइटच्या जातीच्या खडकाची एक ठेंगणी, लांबट टेकडी आहे. सातव्या-आठव्या शतकांत पल्लव राजांनी तिच्यात मंडप आणि शिल्पपट कोरवून घेतले. ‘मामल्ल’ हे बिरुद लावणाऱ्या पहिल्या नरसिंहवर्म्यावरून महाबलीपुरम गावाला मामल्लपुरम हे नाव पडले. १९८४ पासून हा परिसर जागतिक वारशाच्या यादीत आहे.

पूर्वेच्या पायथ्याशी दोन अजस्र शिळांवर पसरलेला शिल्पपट सर्वांत प्रसिद्ध आहे. तो अर्जुनाच्या तपाचा की भगीरथाच्या, हा वाद मिटलेला नाही. शिळांमधल्या नैसर्गिक भेगेत नाग कोरले आहेत. भेगेच्या माथ्यावर पाणी साठवण्याची सोय होती, म्हणजे प्रसंगी तिथून खरेच पाणी सोडत असावेत. खाली, हत्तींजवळ, तपस्व्याच्या थाटात उभे असलेले मांजर आहे आणि त्याच्याभोवती निर्धास्त उंदीर.

टेकडीचे खरे धन मात्र अर्धवट राहिलेल्या कामात आहे. दीपगृहाच्या बाजूला याच तपाचा दुसरा, अपुरा पट आहे. काही मंडपांच्या भिंतींवर दगड काढण्याची रीत अजून स्पष्ट दिसते. पाथरवट आधी खडकावर चौकोन पाडत, त्यांच्या कडांनी खोल चर खोदत आणि मधले उंचवटे ठोकून उडवत. एक थर निघाला की पुन्हा चौकोन. वेरूळच्या बेसाल्टपेक्षा हा दगड कितीतरी चिवट. इथले मंडप आटोपशीर आहेत, त्याचे एक कारण या चिवटपणात शोधता येते.

माथ्यावर पल्लव राजा राजसिंहाच्या काळातले ओलक्कण्णेश्वर मंदिर आहे. आधुनिक दीपगृह उभे राहण्याआधी त्याच्या छपरावर जहाजांसाठी दिवा लावत. त्याच्या खालच्याच गुंफेत महिषासुराशी झुंजणारी सिंहारूढ दुर्गा, आणि समोरच्या भिंतीवर शांत निजलेला शेषशायी विष्णू. वरून पूर्वेला किनारा-मंदिर आणि बंगालचा उपसागर दिसतो, पश्चिमेला बकिंगहॅम कालव्याकडचा सखल, हिरवा प्रदेश.

चढ थोडाच, पण उघड्या खडकावर सावली तुटपुंजी आहे. दुपारी दगड तापतो, पावसात निसरडा होतो. कृष्णाचा लोण्याचा गोळा म्हणून ओळखली जाणारी, सुमारे २५० टनांची शिळा ज्या उतारावर टेकली आहे, तो घसरगुंडी खेळणाऱ्यांनी गुळगुळीत केला आहे.

अधिक काळजी आहे ती मंडपांच्या अपुऱ्या भिंतींवरच्या चरांची. पूर्ण मूर्तीपुढे माणूस आपोआप जपून वागतो. अर्धवट भिंत त्याला नुसता ओबडधोबड दगड वाटते, आणि तो तिला पाठ टेकून बसतो. गावात १९५७ पासून शिल्पकलेचे सरकारी विद्यालय आहे, रस्त्यांवर कार्यशाळा आहेत, इथल्या दगडी शिल्पांना भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. पण आता दगड कापायला विजेवर चालणारी यंत्रे आली आहेत. अख्ख्या खडकात मंडप खोदण्याची जुनी रीत पुढल्या पिढ्यांना समजून घ्यायची असेल, तर या अपुऱ्या भिंतींनाही पुऱ्या शिल्पांइतकेच संरक्षण आणि त्यांच्याजवळ नीट माहिती देणारे फलक हवेत.