मानवी हक्क कायद्याचा अभ्यास काय शिकवतो?

मानवी हक्क कायद्याच्या पदव्युत्तर अभ्यासातून अन्यायाची हकिगत कायद्याच्या चौकटीत मांडण्याचे कौशल्य मिळते. कोठडीतील मारहाणीचे उदाहरण घ्या. अटकेनंतर प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले का, हे राज्यघटनेच्या कलम २२ नुसार पाहावे लागते. अटकेच्या नोंदीवर साक्षीदाराची सही आहे का, हे डी. के. बसू खटल्यातील १९९६ च्या निकालानुसार. दाद कोठे मागायची, हा पुढचा प्रश्न. १९९३ च्या कायद्यानुसार मानवी हक्क आयोग शिफारस करतो. घटनेला वर्ष उलटल्यास मात्र त्याला चौकशी करता येत नाही. मग उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग उरतो. पुरावा, मुदत आणि योग्य यंत्रणा यांची जाण नसेल, तर खरी तक्रारही टिकत नाही.