टपाली मतदान : पाकीट पोहोचेल, गोपनीयतेचे काय?

नागपूर - मतदान केंद्रावरील रांगा, उन्हाचा तडाखा आणि घसरलेली टक्केवारी यांची चर्चा सुरू झाली, की घरबसल्या मतदानाचा पर्याय हमखास सुचविला जातो. मतपत्रिका टपालाने घरी यावी आणि मतदाराने ती भरून परत पाठवावी, अशी ही साधी कल्पना. संपूर्ण निवडणूक अशा रीतीने घेण्याचा अनुभव मराठी जगताला नवा नाही. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष अनेक वर्षे टपाली मतदानानेच निवडला जात असे. या पद्धतीचे अखेरचे पर्व नागपुरातच पार पडले.

हजार मतदार, तरीही वाद

२०१६ ते २०१९ या काळात साहित्य महामंडळाचे कार्यालय विदर्भ साहित्य संघाकडे होते. डोंबिवली (२०१७) येथील संमेलनासाठी अक्षयकुमार काळे आणि बडोदा (२०१८) येथील संमेलनासाठी लक्ष्मीकांत देशमुख टपाली मतदानाने निवडून आले. मतदार जेमतेम हजारभर, सारे सुशिक्षित आणि त्यांचे पत्ते साहित्य संस्थांच्या दफ्तरी नोंदलेले. तरीही कोऱ्या मतपत्रिका गोळा केल्या जातात, असे आरोप वर्षानुवर्षे होत राहिले. मतपत्रिका घरी कोणी भरली, कोणाच्या देखत भरली, हे मोजणीच्या टेबलावरून कळत नसल्याने असे आरोप सिद्ध करणे कठीण आणि खोडून काढणेही तितकेच कठीण होते. अखेर २०१८ मध्ये महामंडळाने घटनादुरुस्ती करून निवडणूक बंद केली. यवतमाळच्या २०१९ मधील संमेलनासाठी अरुणा ढेरे यांची एकमताने निवड झाली. बडोद्याच्या निवडणुकीत पराभूत झालेले नागपूरचे रवींद्र शोभणे पुढे अमळनेरच्या २०२४ मधील संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेही मतदानाविना.

बावीस लाख पाकिटांचे गणित

हीच पद्धत सार्वत्रिक निवडणुकीला लावल्यास अडचणी अनेक पटींनी वाढतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत नागपूर मतदारसंघात सुमारे २२ लाख मतदार होते. उमेदवारी मागे घेण्याची मुदत ३० मार्चला संपली आणि मतदान १९ एप्रिलला झाले. उमेदवारांची नावे निश्चित झाल्याखेरीज मतपत्रिका छापता येत नाही. म्हणजे छपाई, पाकिटे भरणे, घरपोच वाटप आणि परतीचा प्रवास हे सारे तीन आठवड्यांत उरकावे लागले असते. कायद्यानुसार हे अंतर १४ दिवसांपर्यंतही असू शकते. त्यातच भाड्याची घरे बदलणारी कुटुंबे, शिक्षणासाठी बाहेरगावी गेलेली मुले आणि यादीत राहिलेली मृतांची नावे यांची पाकिटे नेमकी कोणाच्या हाती पडणार, हा प्रश्न उरतोच. केंद्रावर कर्मचारी ओळखपत्र तपासतात. टपालपेटीजवळ असे कोणी नसते.

मोजणीही संथ होईल. सध्याच्या नियमांनुसार टपाली मतपत्रिका आतल्या पाकिटात असते आणि मतदाराचे साक्षांकित घोषणापत्र वेगळे असते. बाहेरचे पाकीट उघडून आधी घोषणापत्राची सही, साक्षांकन आणि मतपत्रिकेचा क्रमांक तपासला जातो. त्यात त्रुटी आढळल्यास आतले पाकीट न उघडताच मत बाद होते. नागपुरात २०२४ मध्ये सुमारे १२ लाख मतदारांनी मतदान केले. प्रत्येक पाकिटाला एक मिनिट धरले, तर १०० टेबलांवर अहोरात्र काम करूनही निव्वळ तपासणीला आठ दिवसांहून अधिक काळ लागेल. शिवाय लाखो मतदारांनी साक्षांकनासाठी अधिकारी कोठे शोधायचे, हाही प्रश्न आहेच. ते रद्द करावे, तर पडताळणीसाठी प्रत्येकाच्या सहीचा नमुना आधी जमा करावा लागेल.

परदेशातील अनुभव

अमेरिकेतील ओरेगॉन राज्याने १९९८ मध्ये जनमताने टपाली मतदान स्वीकारले आणि २००० ची अध्यक्षीय निवडणूकही त्याच पद्धतीने घेतली. तेथे प्रत्येक पाकिटावरील सही नोंदणीतील सहीशी ताडून पाहिली जाते. याउलट ब्रिटनमध्ये बर्मिंगहॅम महापालिकेच्या २००४ च्या निवडणुकीत टपाली मतांचे गैरप्रकार उघड झाले. न्यायालयाने २००५ मध्ये दोन प्रभागांचे निकाल रद्द केले. त्यानंतर तेथे टपाली मतदारांची सही आणि जन्मतारीख पडताळण्याचा नियम आला.

भारताने वेगळी वाट धरली आहे. २०२४ मध्ये ८५ वर्षांवरील ज्येष्ठांना आणि किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्यांना घरून मतदानाची मुभा मिळाली. त्यासाठी वापरली गेली ती टपाली मतपत्रिकाच. मात्र ती पोस्टमनने आणली नाही. मतदान अधिकाऱ्यांचे पथक ती घेऊन घरी गेले, आडोसा करून मत नोंदवून घेतले आणि बंद पाकीट सोबत आणले. खर्च वाढला तरी चालेल. पण मत देताना मतदारावर कोणाचा दबाव नाही, याची खात्री हवी, हे त्यामागील सूत्र. टपाल खाते बावीस लाख पाकिटे एक वेळ पोहोचवीलही. बंद दाराआड मतदाराला एकांत मिळवून देणे मात्र त्याच्या हाती नाही.