अवजड मोटारसायकलीची पहिली फेरी

दूर पल्ल्याच्या प्रवासासाठीं बनविलेली मोठी मोटारसायकल प्रथमच हातीं आली म्हणजे तिच्यावर बसणाऱ्याच्या मनांत दोन भावना एकाच वेळीं उत्पन्न होतात. एक अभिमानाची आणि दुसरी धास्तीची. अभिमान चारचौघांस दिसतो. धास्ती ज्याची त्यालाच ठाऊक असते. या दोहोंपैकीं धास्ती अधिक शहाणी होय, आणि पहिल्या फेरींत तिचेंच ऐकणें हिताचें कां, हें समजून घेणें हा या भाषणाचा हेतु आहे.

फटफटी हें नांव मराठींत रूढ झालें तें एंजिनाच्या आवाजावरून. महाराष्ट्रांतील घराघरांत मोठी फटफटी म्हणजे बुलेट, असाच अर्थ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. १९५५ सालीं मद्रासेंत रॉयल एन्फील्डच्या बुलेटची जुळणी सुरू झाली, आणि पुढें पोलिसांपासून बागाइतदारांपर्यंत अनेकांनीं ती आपलीशी केली. साडेतीनशे सी. सी. चें एंजिन आणि दोनशे किलोंहून कमी वजन, एवढा तिचा व्याप. केवळ लांबच्या प्रवासासाठीं जन्मास आलेल्या आजच्या मोठ्या गाड्यांचें मान याहून पुष्कळच निराळें आहे. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध गाडी म्हणजे होंडा कंपनीची गोल्ड विंग. १९७५ सालीं ती प्रथम बाजारांत आली तेव्हां तिचें एंजिन चार सिलिंडरांचें, ९९९ सी. सी. चें होतें. १९८८ च्या गाडींत सिलिंडर सहा झाले. २०१८ सालीं जी नव्यानें घडविलेली गोल्ड विंग आली, तिचें एंजिन १८३३ सी. सी. चें आहे, आणि पेट्या व सर्व सरंजाम यांसह तिचें वजन पावणेचारशे किलोंच्या वर जातें. आपल्याकडे असंख्य कुटुंबांनीं जी मारुति ८०० मोटार वापरली तिचें एंजिन ७९६ सी. सी. चें होतें. चार माणसांची मोटार ओढणाऱ्या एंजिनाच्या दुपटीहूनही मोठें एंजिन येथें दोन चाकांमध्यें बसविलेलें आहे, हें ध्यानांत घेतलें म्हणजे धास्तीचें कारण वेगळें सांगावें लागत नाहीं.

अशा गाडीची पहिली फेरी महामार्गावर सुरू होते अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः ती घराच्या तळघरांत सुरू होते. लोअर परळांत १९८२ च्या संपानंतर एकेक करून थंडावलेल्या गिरण्यांच्या जागीं आज उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्यांच्या पोटांत वाहनें ठेवण्याचे मजले आहेत. तेथील जमीन गुळगुळीत, बाहेर पडण्याचा चढ अरुंद, आणि बहुधा त्या चढावरच एक वळण असतें. साऱ्या फेरींतील अतिशय अवघड पन्नास पावलें तीं हींच. गाडी सरळ उभी असेपर्यंत तिचें वजन चाकांमार्फत जमिनीवर पडतें आणि स्वाराला तें जाणवतसुद्धां नाहीं. परंतु ती एका बाजूस झुकूं लागतांच त्या वजनाचा वांटा त्याच्या हातांवर व पायांवर येऊं लागतो.

हा वांटा किती, याचा हिशेब सोपा आहे. गाडीचें वजन ३८० किलो, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच, आणि स्वाराचे हात एक मीटर उंचीवर हॅंडलाला धरलेले, असें मानूं जातां, गाडी पांच अंश कलली तर तिला सावरण्यास सुमारें १७ किलोंचा जोर लागतो. दहा अंश कलली तर ३३ किलोंचा, आणि वीस अंशांवर गेली तर ६५ किलोंचा. सतरा किलोंचा भार कोणताही धडधाकट मनुष्य पेलूं शकतो. पासष्ट किलोंचा भार, तोही अवघडलेल्या स्थितींत एका पायावर, फारच थोड्यांना झेपतो. म्हणजे गाडी आवरण्याची आणि गाडी पडण्याची सीमारेषा अवघ्या कांहीं अंशांची आहे. ती ओलांडल्यावर बळाचा उपयोग नाहीं. शहाण्यानें तेव्हां गाडी सोडून आपला पाय वांचवावा. बनविणाऱ्यांनीं ही अडचण ओळखूनच योजना केलेली असते. गोल्ड विंगचे सिलिंडर उभे नसून तीन एका अंगास व तीन दुसऱ्या अंगास असे आडवे असतात, त्यामुळें एंजिनाचा भार खालीं राहतो. आसनही जमिनीपासून सुमारें पाऊण मीटरच उंच असल्यानें मध्यम उंचीच्या स्वाराचेही दोन्ही पाय जमिनीस टेकतात. मागें हटण्यासाठीं यंत्राचीच मदत मिळते आणि गाडी माणसाच्या चालीहूनही मंद गतीनें मागें सरते. परंतु या सोयी तोल राखण्यास साहाय्य करतात; तोल राखण्याचें काम स्वाराचेंच राहतें.

मंद गतींत दुचाकी अस्थिर कां होते, हें लोअर परळच्या स्थानकाबाहेर सकाळीं उभें राहिल्यास प्रत्यक्ष पाहावयास मिळतें. डब्यांनीं लगडलेली सायकल घेऊन निघणारा डबेवाला आरंभींचीं कांहीं पावलें ती हातांनीं ढकलीत नेतो, मग टांग टाकतो, आणि चाकांना गति येईपर्यंत हॅंडल डावी-उजवीकडे किंचित् हालवीत राहतो. सायकल ज्या अंगास पडूं पाहते त्या अंगास पुढलें चाक वळवून तो तिला पुन्हां आपल्या बुडाखालीं आणीत असतो. गति वाढली म्हणजे हेंच काम पुढल्या चाकाच्या रचनेमुळें बरेंचसें आपोआप होऊं लागतें. मोठ्या मोटारसायकलीचा नियम हाच. अंतर इतकेंच कीं सायकल चुकली तर हातानें धरतां येते, ही येत नाहीं.

म्हणून मंद गतींत तीन गोष्टी पाळाव्या लागतात. पहिली, नजर. स्वार जिकडे पाहतो तिकडे गाडी जाते. पुढल्या चाकाकडे किंवा जमिनीकडे पाहणारा जमिनीकडेच जातो. वळण घेतांना मान वळवून वळणाच्या शेवटाकडे पाहावें. दुसरी, ब्रेक. हॅंडल वळलेलें असतां पुढला ब्रेक एकदम दाबला कीं अवजड गाडी तत्काळ आडवी होते. अशा वेळीं मागला ब्रेक हलकेंच वापरावा. तिसरी, एंजिनाचा ओढा. गाडी रेंगाळूं लागली कीं पडते, म्हणून तिला थोडा ओढा सतत मिळत राहिला पाहिजे. जुने स्वार हें काम क्लच अर्धवट दाबून करीत आले. परंतु गोल्ड विंगच्या ज्या प्रकारांत गिअर आपोआप बदलतात, त्यांस क्लचची मूठच नसते. वीस वर्षें बुलेट चालविलेल्या स्वाराचा डावा हात पहिल्या फेरींत ती मूठ वारंवार शोधतो, आणि ती नाहीं हें पाहून क्षणभर गोंधळतो. चढावरच्या वळणावर हा एक क्षणही महाग पडूं शकतो. तेव्हां अनुभव कितीही असो, पहिला अर्धा तास मोकळ्या पटांगणांत घालवावा हें उत्तम.

तळघरांतून वर येऊन गाडी गणपतराव कदम मार्गाला किंवा सेनापति बापट मार्गाला लागली म्हणजे दुसरा अनुभव सुरू होतो. सिग्नलपाशीं शेजारचा स्कूटरवाला गाडी आपादमस्तक न्याहाळतो आणि विचारतो, “किती देते?” निर्मात्यांच्या आंकड्यांप्रमाणें शंभर किलोमीटरांस सुमारें साडेपांच लिटर पेट्रोल, म्हणजे लिटरमागें अठराच्या आसपास, गर्दीच्या रस्त्यावर याहून कमी. उत्तर ऐकून विचारणाऱ्याला स्वतःच्या स्कूटरविषयीं नवा आदर वाटूं लागतो. तेवढ्यांत सहा सिलिंडरांची उष्णता पायांस जाणवूं लागते, पंखे फिरूं लागतात, आणि हातगाडी, टॅक्सी व कचेरीकडे निघालेली माणसें यांच्यामधून वाट काढतांना पेट्यांची रुंदी पदोपदीं आठवावी लागते. लहान गाडी जेथून सहज निसटते तेथें ही अडकते. खड्ड्यांच्या बाबतींत मात्र सुखद आश्चर्य वाटतें. या गाडीच्या पुढल्या चाकाचे धक्के सोसणारा भाग आणि चाक वळविणारा भाग हे वेगवेगळे ठेवलेले असल्यामुळें खड्ड्याचा हिसका हातांपर्यंत फारसा पोहोंचत नाहीं. परंतु पावसाळ्यांत गटाराचीं लोखंडी झांकणें, रस्त्यावरचे रंगाचे पट्टे आणि पुलांच्या सांध्यांवरील लोखंड यांवर मोठें चाकही लहान चाकाइतकेंच घसरतें.

शहर मागें पडून गति चाळीस-पन्नासांवर गेली म्हणजे तिसरा आणि सर्वांत विलक्षण अनुभव येतो. इतका वेळ छातीवर बसलेलें तें वजन जणूं नाहींसें होतें. गाडी स्वतःच सरळ राहूं पाहते. तिला डावीकडे न्यावयाचें तर हॅंडलाची डावी मूठ किंचित् पुढें ढकलावी लागते; पुढलें चाक क्षणभर उजवीकडे वळतें, गाडी डावीकडे कलते आणि त्या दिशेस वळते. वाचतांना हें उलटें वाटतें, परंतु प्रत्येक सायकलस्वार नकळत हेंच करीत असतो. हलक्या गाडीवर तें न कळलें तरी चालतें; अवजड गाडीवर तें समजून करावें लागतें, कारण केवळ अंग झुकवून चारशे किलो वेळेवर वळत नाहींत.

येथेंच पहिल्या फेरीची खरी फसगत होते. मंद गतींतली धास्ती ओसरली, कांचेमागें वारा लागत नाहीं, एंजिन कुजबुजल्यासारखें चालतें, आसन घरच्या खुर्चीसारखें वाटतें. ताशीं शंभराची गति सत्तरासारखी भासूं लागते. परंतु पदार्थविज्ञान भासावर चालत नाहीं. ताशीं ६० किलोमीटर गतीनें जाणारें वाहन एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जातें, १०० च्या गतीनें जाणारें २८ मीटर. धोका दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत हा सेकंद सरलेला असतो. पुढें ब्रेक चांगले लागले असें धरलें तरी ६० वरून थांबण्यास आणखी सुमारें २३ मीटर, आणि १०० वरून सुमारें ६४ मीटर लागतात. गति दीडपटीहून थोडी वाढली, तर थांबण्याचें हें अंतर पावणेतीनपट झालें. चाकें अडकूं न देणारी ब्रेकची योजना अशा गाड्यांत असते. ती गाडी घसरूं देत नाहीं, परंतु हरवलेला सेकंद परत आणून देत नाहीं.

लोअर परळचा स्वार ही गति अनुभवण्यास जाणार तरी कोठें, हाही प्रश्न आहे. २००९ सालीं खुला झालेला वांद्रे-वरळी सागरी सेतु, २०२४ मध्यें सुरू झालेले अटल सेतु व किनारा मार्ग, तसाच मुंबई-पुणें द्रुतगति मार्ग, हे सर्व दुचाकींस बंद आहेत. मग ती दुचाकी शंभर सी. सी. ची असो वा अठराशे सी. सी. ची. पुण्यास जावयाचें तर शीव, चेंबूर, मानखुर्द, वाशीचा पूल, पनवेल आणि खोपोली असा जुना रस्ता धरावा लागतो. त्यावर गांवें आहेत, बाजार आहेत, एकाएकीं रस्ता ओलांडणारीं गुरें आणि पोरें आहेत. महामार्गासाठीं घडविलेल्या यंत्राला येथें अर्ध्या शक्तीनेंही चालतां येत नाहीं, आणि तसें चालविण्याचा मोह आवरणें हाच या रस्त्यावरील मुख्य अभ्यास होय.

कायद्याची एक गोष्टही विचार करण्यासारखी आहे. आपल्याकडे गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना एकच. अठराव्या वर्षीं शंभर सी. सी. च्या गाडीवर परीक्षा दिलेल्या माणसास त्याच परवान्यावर गोल्ड विंग चालविण्याची मुभा आहे. युरोपांत मोटारसायकलींचे परवाने शक्तीनुसार पायऱ्यापायऱ्यांनीं दिले जातात. गोल्ड विंग जेथें जन्मली त्या जपानांत चारशे सी. सी. वरील गाड्यांस स्वतंत्र परवाना लागतो, आणि त्याच्या परीक्षेंत उमेदवारास ३० सेंटिमीटर रुंद व १५ मीटर लांब अशा फळीवरून गाडी न्यावी लागते. लहान गाडीच्या उमेदवारास ती सात सेकंदांच्या आंत ओलांडतां येत नाहीं, मोठ्या गाडीच्या उमेदवारास दहा सेकंदांच्या आंत. जो अधिक सावकाश जाऊं शकतो तोच मोठ्या गाडीस पात्र, असें त्या परीक्षेचें मर्म आहे.

आपला कायदा ही पायरी विचारीत नाहीं, म्हणून ती घरानेंच विचारावी. तारुण्यांत बुलेट चालविलेला आणि मुलें मार्गीं लागल्यावर पन्नाशींत पुन्हां या छंदाकडे वळलेला गृहस्थ हा अशा गाड्यांचा नेहमींचा गिऱ्हाईक. त्याची हौस खोटी नसते, पण मधल्या वर्षांत गुडघे आणि डोळे बदललेले असतात. गाडी घरीं आली त्याच संध्याकाळीं पत्नीस किंवा नातवास मागें बसवून वरळीस चक्कर मारावी असें त्याला वाटणें साहजिक आहे. मागें बसलेल्या माणसाचें वजन उंचावर असतें, तें आपल्या मर्जीनें हालतें, आणि वर सांगितलेला किलोंचा सर्व हिशेब बिघडवितें. तेव्हां पहिला महिना एकट्यानें, रविवारीं पहाटे, रिकाम्या रस्त्यांवर चालवावें. चढ, उलट वळण, गर्दींत थांबणें आणि पावसांत निघणें हीं चारही एकेकदां निभावलीं म्हणजे मागल्या आसनाचें आमंत्रण द्यावें. तोंवर घरच्यांनींही त्या आसनाचा आग्रह धरूं नये. पहिल्या फेरीहून परत येऊन तळघरांतल्या त्या उतारावरून गाडी शांतपणें खालीं आणणें, बाजूचा टेकू नीट लागला हें पाहणें आणि मगच हात सोडणें, एवढें ज्याला साधलें त्याची पहिली फेरी चांगली झाली असें समजावें. मग तो किती वेगानें गेला हें विचारण्याचें कारण उरत नाहीं.