अडीच ते साडेतीन

“किती आला?”

मिरजेतल्या एका लॅबच्या बाकावर हा एकच प्रश्न फिरत असतो. जतहून आलेला ड्रायव्हर अथणीच्या आजींना विचारतो, आजी कानडीत उत्तर देतात, आणि आकडा मात्र सगळ्यांना कळतो. दोन पॉइंट आठ म्हटलं की माना डोलतात. एक पॉइंट सात म्हटलं की कुणीतरी लगेच विचारतं, “गोळी चुकली का?” वहिनींना सोबत म्हणून मी तिथं गेलो होतो. पुन्हा गेलो ते हा आकडा तयार होतो कसा, ते बघायला.

वहिनींच्या हृदयातली मायट्रल झडप बदललेली आहे. लहानपणी घसा धरून ताप आला, सांधे सुजले, बरेही झाले. त्या तापानं झडप खराब केलीय हे कळलं दुसऱ्या बाळंतपणात. आता आत आहे ती त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा संस्थेत विकसित झालेली झडप. धातूची चौकट, त्यात उघडमीट करणारी प्लॅस्टिकची तबकडी. १९९० साली ती पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. झडप उत्तम चालते, पण रक्ताला ती परकीच. तिच्यावर गुठळी धरू नये म्हणून ॲसिट्रॉमची गोळी जन्मभर. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. निरोगी माणसाचा आयएनआर, म्हणजे रक्त किती उशिरा गोठतं ते सांगणारा हा आकडा, एकच्या आसपास असतो. वहिनींचा हवा अडीच ते साडेतीन.

लॅबमधली ताई तिशीची असेल. रबरी पट्टी, मूठ, शीर, सुई, हे सगळं बोलता बोलता होतं. ती गप्प होते ती निळ्या बुचाची नळी भरताना. नळीत आधीच थोडं सायट्रेट असतं, रक्त नळीतच गोठू नये म्हणून. त्याच्या एका भागाला रक्ताचे नऊ भाग, त्यासाठी नळीवर रेघ. रक्त रेघेच्या खाली राहिलं तर सायट्रेट जास्त होतं आणि आयएनआर खोटाच वाढलेला येतो. मग डॉक्टर गोळी कमी करणार, आणि गुठळीचा धोका माणसाच्या वाट्याला. एका काकांची शीर मध्येच बसली, नळी बोटभर रिकामी राहिली. ताईनं ती सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. “काका, दुसरा हात.” काका कुरकुरले. तिनं ऐकून घेतलं, पण हात मागितलाच.

नळ्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरल्या की वर पिवळसर प्लाझ्मा राहतो. मोठ्या लॅबमध्ये पुढचं काम यंत्र करतं. इथलं यंत्र दुरुस्तीला गेलेलं, म्हणून ताई हातानं करत होती. सदतीस अंशांच्या पाण्यात काचेची छोटी नळी. तिच्यात प्लाझ्मा, मग तो गोठवणारं थ्रोम्बोप्लास्टिन, आणि त्याच क्षणी स्टॉपवॉच. नळी पाण्यातून काढायची, तिरकी करायची, उजेडात बघायचं, परत बुडवायची. पातळ प्लाझ्मा इकडून तिकडं वाहत असतो, आणि एका झुकावाला तो वाहायचा थांबतो. घड्याळ बंद. निरोगी प्लाझ्मा बारा-तेरा सेकंदांत थांबतो. हा पंचवीसच्या पुढं गेला. ताईनं पुन्हा तोच प्लाझ्मा घेतला, पुन्हा वेळ लावली. दोन्ही वेळा जुळल्याशिवाय ती वहीत लिहीत नाही.

सेकंद म्हणजे आयएनआर नव्हे. प्रत्येक कंपनीचं थ्रोम्बोप्लास्टिन कमीजास्त तेज, म्हणून एकाच रक्ताचे सेकंद दोन ठिकाणी वेगळे येत. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८३ साली त्यावर समान मोजमापाची रीत घालून दिली. खोक्यावर छापलेला तेजपणाचा अंक घालून गणित केलं की आयएनआर मिळतो. तरीही थोडा फरक राहतोच. ताई प्रत्येकाला एकच सांगते, “लॅब बदलू नका.”

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं, ‘पालेभाज्या टाळा.’ हे लिहिणाऱ्यानं बहुधा कधी स्वतः स्वयंपाक केलेला नसावा. पालेभाजीतलं ‘के’ जीवनसत्त्व गोळीच्या विरुद्ध काम करतं, हे खरं. पण आठवड्याला ठरावीक मेथी खाल्ली तर गोळीचा डोस तिच्यासकट बसवता येतो. घात होतो तो महिनाभर काही नाही आणि एकदम ताटभर अळूचं फतफतं, असं केलं की. वहिनींना हे अनुभवानं कळलंय. त्यांचं ‘कालनिर्णय’ बघावं: सोम-बुध-शुक्रच्या चौकोनात ‘२’, बाकी वारी ‘दीड’, मध्येच बारीक अक्षरात ‘चाकवत’. अर्धी गोळी त्या ब्लेडनं कापतात आणि उरलेला चुराही बोटानं टिपून घेतात.

नव्या गोळ्यांना अशी तपासणी लागत नाही म्हणे, असं बाकावर कुणीतरी दरवेळी काढतंच. पण धातूच्या झडपेला त्या चालत नाहीत. त्यांतली डॅबिगाट्रान देऊन पाहिली होती. गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त, म्हणून ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. २०१३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तेव्हा निळ्या बुचाची नळी आणि अडीच ते साडेतीन.

रिपोर्ट संध्याकाळी व्हॉट्सॲपवर आला. दोन पॉइंट तीन.

“भाऊजी, श्रावण आहे ना,” वहिनी म्हणाल्या. त्यांना नवल वाटलेलं नव्हतं. दवाखान्यातून फोन आला: डॉक्टरांनी सांगितलंय, आज अर्धी जास्त, बाकी तेच, पंधरा दिवसांनी परत रक्त. वहिनींनी कॅलेंडरचं पान उलटून बघितलं.

“पंधरा दिवसांनी गौरीजेवण येतंय हो. सोळा भाज्या असतात नैवेद्याला. चार दिवस अलीकडं घेऊ का?”

पलीकडचा मुलगा डॉक्टरांना विचारून सांगतो म्हणाला. वहिनींनी तोवर पेन्सिलीनं दोन्ही तारखांना गोल करून ठेवला.