खुडलेल्या पानाची निगा

अंगणातील वाफ्यात, गच्चीवर किंवा खिडकीतील कुंडीत लावलेली मेथी, पालक, कोथिंबीर वा लेट्यूस थोड्याच दिवसांत ताटात येते. मेथीचा घोळाणा, मुळ्याच्या पाल्याची कोशिंबीर, पुदिन्याची चटणी असे अनेक पदार्थ न शिजविताच खाल्ले जातात. घरचा पाला म्हणजे स्वच्छच, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु घरच्या कुंडीतही माती असते, शेणखत असते आणि पक्षी, मांजरे यांचा वावर असतो. शिजविल्याने मरणारे जंतू आणि कृमींची अंडी कच्च्या पाल्याबरोबर थेट पोटात जाऊ शकतात. म्हणूनच असा पाला काळजीपूर्वक धुणे अत्यंत आवश्यक आहे.

रोपापासून वेगळे झालेले पान लगेच मरत नाही. त्याचे श्वसन चालूच राहते. पानातील साखर खर्च होते आणि पाणी बाहेर पडत राहते. मुळांकडून येणारे पाणी मात्र थांबलेले असते. त्यामुळे पान कोमेजते. उष्णतेत ही क्रिया अधिक वेगाने होते. यासाठी पाला सकाळी, ऊन चढण्यापूर्वी खुडावा आणि लगेच सावलीत आणावा.

त्यानंतर भाजी निवडावी. पिवळी, किडलेली व चुरगळलेली पाने बाजूला काढावीत, कारण सड तेथूनच पसरते. धुण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. मोठ्या पातेल्यात भरपूर स्वच्छ पाणी घेऊन त्यात पाने हलकेच खळबळावीत व हातांनी वर उचलून घ्यावीत. पातेले उपडे केल्यास तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर येते. पाण्यात माती दिसेनाशी होईपर्यंत पाणी बदलावे आणि शेवटी वाहत्या पाण्याखाली पाने धरावीत. मिठाच्या पाण्याने मावा व लहान अळ्या सुटतात. परंतु त्याने सर्व जंतू मरत नाहीत. पाल्याला साबण कधीही लावू नये. पाने धुतल्यानंतरच चिरावीत. चिरून धुतल्यास क जीवनसत्त्व पाण्याबरोबर निघून जाते.

साठविण्याचा नियम सोपा आहे : पानाभोवतीची हवा दमट असावी, पण पानावर पाणी साचू नये. म्हणून ठेवावयाचा पाला केवळ निवडून, न धुता ठेवणे चांगले. चिखल फार असल्यास तो धुवावा, चाळणीत निथळू द्यावा आणि सुती कापडावर पसरून कोरडा करावा. नंतर कोरड्या कापडात सैलसर गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा. पिकलेली केळी, आंबे वा सफरचंदे त्याच्या शेजारी ठेवू नयेत. या फळांतून बाहेर पडणाऱ्या इथिलीन वायूमुळे पाने लवकर पिवळी पडतात.

फ्रिज नसलेल्या घरीही उपाय आहे. पसरट मातीच्या भांड्यात ओली वाळू भरून त्यात दुसरे लहान मातीचे भांडे बसवावे. आतल्या भांड्यात पाला ठेवून वर ओले फडके झाकावे. वाळूतील पाणी वाफ होऊन उडताना उष्णता शोषून घेते आणि आतील भांडे थंड राहते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विटा व वाळू वापरून तयार केलेला शून्य ऊर्जा शीतकक्ष याच तत्त्वावर चालतो. कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चांगला उपयोगी पडतो. समुद्रकाठच्या दमट हवेत मात्र त्याचा प्रभाव कमी होतो.

इतके करूनही धुतलेला पाला पूर्णपणे जंतुमुक्त होतो असे नाही. बुळबुळीत झालेली किंवा वास येणारी पाने टाकून द्यावीत. पावसाळ्यात चिखल उडालेला पाला शिजवूनच खावा. लहान मुले, गर्भवती स्त्रिया आणि आजारी माणसे यांच्या बाबतीत ही दक्षता अधिक घ्यावी. कच्च्या खाण्याच्या भाज्यांना ताजे शेण न घालता पूर्ण कुजलेलेच खत घालावे. पाल्याच्या स्वच्छतेची सुरुवात अशी वाफ्यातूनच होते.