उतारवयातील निद्रानाश आणि शरीरातील चयापचय

‘वय झाले की झोप कमी होणारच’ हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते, की रात्रीतून चार वेळा उठणाऱ्या सत्तरीच्या व्यक्तीची साखर, थायरॉइड किंवा मूत्रपिंडे तपासून पाहावीत, असे घरच्यांना वाटतही नाही. वाढत्या वयात गाढ झोपेचा वाटा घटतो आणि पहाटे जाग लवकर येते, एवढाच या समजुतीतील तथ्यांश होय. झोपेची गरज मात्र फारशी उणावत नाही, आणि अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशनने 2015 मध्ये पासष्टीपुढील व्यक्तींनाही 7 ते 8 तास झोपेचीच शिफारस केली आहे. त्याच देशात नऊ हजारांहून अधिक वृद्धांची पाहणी करून डॅनियल फोली व सहकाऱ्यांनी 1995 मध्येच दाखवून दिले, की या तक्रारींचे नाते निव्वळ वयापेक्षा आजारांशी अधिक आहे. तरीही वयाकडे बोट दाखवून तपासणी टाळली जाते, हे अक्षम्य आहे.

रक्तातील साखर दर डेसिलिटरला सुमारे 180 मिलिग्रॅमच्या पुढे गेली, की मूत्रपिंडांना ती पुरती परत शोषून घेता येत नाही. ती लघवीत उतरताना पाणीही ओढून नेते, रात्री वारंवार उठावे लागते आणि पुरुषांच्या बाबतीत दोष न तपासताच प्रोस्टेटला दिला जातो. साखर उतरणे त्याहून फसवे असते. ग्लिमेपिराइडसारखी, स्वादुपिंडाला इन्सुलिन स्रवायला लावणारी गोळी नेहमीप्रमाणे घेऊन एकादशीच्या रात्री नुसत्या ताकावर झोपलेल्या व्यक्तीची साखर मध्यरात्रीनंतर 70 च्या खाली जाऊ शकते, आणि मूत्रपिंडे मंदावलेली असतील तर औषधाचा अंमल अधिकच लांबतो. ती सावरण्यासाठी शरीर ॲड्रेनलिन सोडते, तेव्हा छाती धडधडते, भीतिदायक स्वप्ने पडतात, उशीचा अभ्रा घामाने भिजतो आणि सकाळी डोके जड राहते. सकाळची उपाशीपोटीची साखर ठीक आली म्हणून ही शक्यता निकालात निघत नाही. पहाटे तीनच्या सुमारास ग्लुकोमीटरवर घेतलेली नोंद अधिक बोलकी ठरते.

रात्री पाय स्वस्थ न राहणे म्हणजे केवळ थकवा नव्हे. हिमोग्लोबिन योग्य असूनही फेरिटिन, म्हणजे शरीरातील लोहाच्या साठ्याचे निदर्शक प्रथिन, कमी असू शकते. थायरॉइडच्या गोळीची मात्रा जास्त झाल्यासही झोप उडते. मद्याने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते. झोपेची गोळी निरुपद्रवी असते, हा समज तर घातकच आहे, कारण बेंझोडायझेपिन गटातील औषधांनी वृद्धांमध्ये पडण्याचा, हाड मोडण्याचा आणि भ्रमाचा धोका वाढतो, असे अमेरिकन जेरिॲट्रिक्स सोसायटीने 2023 च्या निकषांतही नमूद केले आहे.